नांगर नवा, जमीन कोणाची?

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. इतिहासाच्या पेपरची तयारी चालली होती. औद्योगिक क्रांतीच्या आधी इंग्लंडमध्ये शेतीक्रांती झाली, सलगम आणि क्लोव्हर पेरले गेले, पेरणीयंत्र निघाले, असे पाच-सात मुद्दे तिने वहीत उतरवून घेतले होते. ती म्हणाली, "सर, इंग्लंडात कुणी सलगम पेरले, त्याचं आम्ही नायगावच्या पोरांनी काय करायचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दादर, नायगाव, परळ, लालबाग या भागांत आपण राहतो ते का राहतो, आपले आजे-पणजे रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतील गावे सोडून गिरण्यांच्या भोंग्याखाली का येऊन राहिले, याचे उत्तर शोधू लागलो की आपण शेतीच्या इतिहासातच जाऊन पोहोचतो. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी नेमक्या याच विषयाला हात घातला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधू-भगिनींसमोर आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसमोर हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

बेवड आणि कुंपण

प्रथम इंग्लंडकडे वळू. तेथील जुन्या खेड्यात शेतजमीन एका ठिकाणी एकाची अशी नसे. गावाभोवती दोन-तीन मोठी उघडी शिवारे असत आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या लांबट पट्ट्या त्यांत विखुरलेल्या असत. दरवर्षी त्यातला एक हिस्सा, तीन शिवारांचे गाव असेल तर तिसरा हिस्सा, पडीक टाकावा लागे. कारण उघड आहे. सतत धान्य घेतले की जमीन थकते, तिला खत पाहिजे, खतासाठी जनावरे पाहिजेत आणि जनावरांसाठी वैरण पाहिजे. थंडीच्या दिवसांत वैरण अपुरी, म्हणून जनावरे थोडी. जनावरे थोडी म्हणून शेण थोडे. शेण थोडे म्हणून धान्य थोडे. या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट आधी फ्लँडर्स आणि हॉलंडमधील शेतकऱ्यांनी काढली आणि सतराव्या-अठराव्या शतकांत ती इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रुळली. पहिल्या वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी सलगम, तिसऱ्या वर्षी जव आणि चौथ्या वर्षी क्लोव्हर हे गवत. जमीन पडीक टाकायचीच नाही! सलगम हिवाळ्यात जनावरांच्या पोटात जाई. क्लोव्हर हे आपल्या लसूणघासाच्या कुळातले. ते वैरणही देई आणि जमिनीचा कसही भरून काढी.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आपल्याकडे न शिकलेला माणूसही सांगतो. ज्वारीत तुरीच्या ओळी घालण्याची रीत दख्खनमध्ये जुनीच. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे विज्ञानाने १८८६ साली जर्मनीत सिद्ध केले. शेतकरी ते अनुभवाने आधीच जाणत होता.

पेरणीयंत्राचेही तेच. इंग्रजी पुस्तकांत जेथ्रो टल याचे नाव ठळक असते. १७०१ च्या सुमारास त्याने ओळीत पेरणी करणारे यंत्र बनवले. पण चाड्यातून बी सोडत जाणारी आपली तिफण त्याच्या कितीतरी आधीपासून शेतात चालत होती. दक्षिण हिंदुस्थानातील अशी पेरणीची अवजारे पाहून कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने १७९० च्या दशकात त्यांची माहिती आणि नमुना लंडनच्या शेती मंडळाकडे धाडला होता. टलचे यंत्र खुद्द इंग्लंडमध्येही एकोणिसाव्या शतकापर्यंत फारसे पसरले नाही. "टर्निप" टाउनशेंड या उमरावाने सलगम आणला असे परीक्षेत लिहिले जाते. तो आणण्याआधीच पूर्व इंग्लंडचे साधे शेतकरी सलगम लावत होते. मोठ्या माणसाच्या नावावर लहान माणसाचे काम जमा होण्याची रीत सर्व देशांत सारखीच दिसते!

मग इंग्लंडमध्ये वेगळे असे काय घडले? घडले ते कुंपण. नवी फेरपालट आणि मेंढ्यांच्या सुधारित जाती यांपासून मिळणारा नफा मोठ्या जमीनदाराला दिसू लागला. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून सलग शेत करावे, त्याला कुंपण घालावे आणि गावाचे सामाईक रानही वाटून घ्यावे, यासाठी त्याने पार्लमेंटचा आधार घेतला. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे पाच हजारांवर कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण पडले. त्यातले बहुतेक १७५० ते १८५० या शंभर वर्षांतले.

याची पद्धत विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. गावातील मोठे जमीनमालक पार्लमेंटकडे अर्ज करीत. कायदा मंजूर झाला की आयुक्त येत, मोजणी होई, नकाशा तयार होई. ज्याच्याकडे मालकीचा कागद त्याला त्या प्रमाणात सलग जमीन मिळे. पण ज्याच्याकडे कागद नव्हता, फक्त वहिवाट होती, त्याचे काय? सामाईक रानात एक गाय चारणारी विधवा, सरपण गोळा करणारा मजूर, चार बदके पाळणारे कुटुंब यांना एक तर काहीच मिळाले नाही, किंवा इतका लहान तुकडा मिळाला की त्याला कुंपण घालण्याचा खर्च न झेपून त्यांनी तो शेजारच्या धनिकालाच विकला. सुगीनंतर शेतात पडलेली कणसे वेचण्याचा, म्हणजे सरवा वेचण्याचा, गरिबांचा हक्क शतकानुशतके मानला जात होता. १७८८ साली इंग्लंडच्या न्यायालयाने असा काही कायदेशीर हक्कच नाही असा निकाल दिला.

आर्थर यंग हा त्या काळचा नामांकित शेती-लेखक. कुंपणाचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. पण गावोगाव फिरून त्याने गरिबांची दशा पाहिली आणि १८०१ साली पुस्तिका लिहून गरिबांना जमिनीचा तुकडा आणि गाय दिली पाहिजे अशी मागणी केली. त्याचे कुणी ऐकले नाही. पुढे मळणीयंत्र आले. हिवाळ्यात झोडणीचे काम हाच शेतमजुराचा आधार होता, तोही गेला. १८३० साली दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमधील शेतमजुरांनी उठाव करून मळणीयंत्रे फोडली. कित्येकांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा झाली, काही फासावर गेले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धान्य वाढले, ही गोष्ट खरी. १८०१ साली इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती, ती १८५१ साली १ कोटी ७९ लाख झाली, आणि काही आयात धरूनही यातील बहुतांश लोक तेथल्याच शेतीवर जगले. १८५१ साली तेथील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहत होते. शेतीत कमी माणसे लागू लागली आणि गिरण्यांना माणसे मिळाली. मात्र हे सारे कुंपणामुळेच साधले का, यावर इतिहासकारांत वाद आहे. रॉबर्ट ॲलन या अर्थ-इतिहासकाराने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की उत्पादनातील वाढीचा मोठा भाग कुंपणाआधीच लहान शेतकऱ्यांनी उघड्या शिवारांत साधला होता. कुंपणाने मुख्यतः वाढला तो जमीनदाराचा खंड. आम्हाला हे मत अधिक पटते. का, ते पुढे येईलच.

बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध

इंग्लंडची ही कथा विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील सरकारी अधिकारी आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्या डोळ्यांसमोर होतीच. आपल्या शेतीची दैना का, तर शेते लहान आणि विखुरलेली म्हणून, असे बहुतेकांचे निदान होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती; १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली होती. वाटण्या होत होत शेताच्या चिंध्या झाल्या होत्या. बडोदे संस्थानानेही शेते एकत्र करण्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. तुकडे जोडा, विशिष्ट आकाराखाली वाटणी होऊ देऊ नका, हा सर्वांचा उपाय.

या वातावरणात १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा "हिंदुस्थानातील लहान शेते आणि त्यांवरील उपाय" या विषयावरील इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. आपल्याच वस्तीतला हा निबंध, असे आम्ही थोड्या अभिमानाने म्हणतो.

निबंधाचा गाभा सोप्या उदाहरणाने सांगू. एकाकडे दहा एकर जमीन आहे पण बैल एकच, विहीर नाही, बियाण्याला पैसा नाही. दुसऱ्याकडे तीन एकर आहे, पण विहिरीला पाणी आहे, बैलजोडी आहे, खत आहे. यात लहान शेत कोणाचे? एकरांनी मोजले तर दुसऱ्याचे. पण पिकाने मोजले तर पहिल्याची दहा एकरे त्याला ओझेच झाली आहेत! बाबासाहेबांचे म्हणणे असे, की शेत नुसत्या आकाराने लहान किंवा मोठे, किफायतशीर किंवा तोट्याचे ठरत नसते. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे एकमेकांशी प्रमाण जुळते की नाही, यावर ते ठरते. कुटुंबाचे पोट भरण्यास किती एकर लागतात, असे पोटावरून शेताचे माप काढणाऱ्या पंडितांना त्यांनी स्पष्ट उत्तर दिले: शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, त्याचे माप उत्पादनाच्या साधनांवरून काढा.

मग खरे दुखणे कोणते? अवजारे आणि जनावरे आहेत त्या जमिनीलाही अपुरी. ती तशीच ठेवून शेत तेवढे मोठे केले तर रोग वाढेल. आणि अवजारे अपुरी का? शिल्लक उरत नाही म्हणून. शिल्लक का उरत नाही? शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांना पुरेसे काम नाही, पण खायला तर लागतेच; जे उरावे ते रिकाम्या हातांच्या पोटात जाते. यात त्या माणसांचा दोष नाही, त्यांना दुसरा धंदाच नाही. म्हणून बाबासाहेबांनी उपाय सुचवला तो शेतीच्या बाहेरचा: उद्योगधंदे वाढवा. जास्तीचे हात कारखान्यात गेले की जमिनीवरचा भार हलका होईल, शिल्लक पडेल, तिच्यातून भांडवल येईल आणि शेते आपोआप योग्य आकाराची होतील. नुसते तुकडे जोडण्याचा कायदा केल्याने ते होणार नाही.

इंग्लंडमध्ये नेमके उलट्या क्रमाने झाले, हे विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे. तिथे आधी माणसे जमिनीवरून निघाली आणि मग त्यांनी काम शोधले. बाबासाहेबांना आधी काम हवे होते.

१९२७ साली मुंबई सरकारने लहान खातेदारांसंबंधी विधेयक आणले, तेव्हा १० ऑक्टोबर १९२७ रोजी कायदे मंडळात बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. ठराविक आकाराखाली जमीन वाटू द्यायची नाही म्हटल्यावर एका भावाला जमीन आणि बाकीचे भूमिहीन, असे होणार. त्यापेक्षा लहान शेतकऱ्यांनी मालकी आपापली ठेवून शेती सहकाराने करावी, असे त्यांनी सुचवले. पुढे १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या "राज्ये आणि अल्पसंख्याक" या निवेदनात ते याही पुढे गेले. जमीन सरकारची व्हावी, ती गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्यावी, शेती सामुदायिक असावी, म्हणजे जमीनदारही नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही, अशी ती योजना होती. ती स्वीकारली गेली नाही.

खोताचे भात आणि महाराचे वतन

नवी अवजारे आणि नवे बियाणे आपल्याकडे लवकर का रुजले नाही? शेतकरी अडाणी म्हणून, असे अनेक साहेब लिहून गेले. डॉ. व्होएल्कर हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ मात्र १८८९-९० साली हिंदुस्थानभर फिरून उलट मत घेऊन गेला. शेतकरी आपल्या कामात वाकबगार आहे, अडचण साधनांची आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" मध्ये बांध घाला, तळी करा, पाणी जिरवा, शेतकऱ्याच्या मुलांना विद्या द्या, असे सरकारला बजावलेच होते.

कोकणातले उदाहरण घेऊ, कारण आपल्या निम्म्या सभासदांची गावे तिकडची. खोत हा सरकारसाठी सारा वसूल करणारा. पण तो गावाचा धनीच होऊन बसला होता. भातजमिनीत पिकाचा अर्धा हिस्सा त्याचा, म्हणून कूळ अर्धेल. वरकस जमिनीत नागली-वरीचा तिसरा हिस्सा त्याचा, म्हणून तिर्धेल. आता अशा कुळाने स्वतः राबून नवा बांध घातला, खाजण बांधून काढले, एका खंडीची दीड खंडी केली, तर त्या जास्तीच्या अर्ध्या खंडीतला निम्मा खोताच्या कणगीत जाणार. शिवाय पुढल्या वर्षी तेच शेत आपल्याकडे राहील याची खात्री नाही! असा माणूस कुठल्या भरवशावर सुधारणा करील? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. कोकणातून बोटींनी आलेली ती माणसे, त्यांच्या खांद्यांवरची घोंगडी, याबद्दल आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

घाटावर महार वतन. गावाची आणि सरकारची चोवीस तास चाकरी, आणि तिच्या मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा व खळ्यावरचे बलुते. तो तुकडाही पिढ्यान्‌पिढ्या वाटत गेलेला. पेरणीच्या ऐन दिवशी पाटलाचा सांगावा आला की तिफण सोडून निघायचे. अशा जमिनीत भांडवल कोण घालणार आणि कोण कर्ज देणार? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतनाचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द झाली १९५८ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

तेव्हा आपली माणसे मुंबईस आली. ताडदेवला पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली होती. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी गिरण्यांनी भरून गेले. मँचेस्टरला इंग्लंडचा शेतमजूर गेला तसेच हे, पण एक मोठा फरक होता. इंग्लंडचा मजूर गाव सोडून गेला तो गेला. आपला मजूर गेला नाही. शिमग्याला, पेरणीला तो गावी जायचा, दरमहा मनीऑर्डर पाठवायचा. बायको, आई-बाप गावीच. गिरणीचा पगार खोताच्या देण्यात आणि घराच्या कौलांत जात होता. म्हणजे भांडवल उद्योगातून शेतीत जावे असे निबंधात म्हटले होते, ते काही प्रमाणात जात होते; पण सुधारणेपर्यंत न पोहोचता सावकारापर्यंतच पोहोचत होते.

आणि गिरणीतही जात आडवी आलीच. विणकाम खात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. आपल्या लोकांना कताईसारख्या कमी पगाराच्या खात्यांत राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संप पुढाऱ्यांसमोर धसास लावला. उद्योग वाढले की जमिनीचा भार हलका होईल हे खरेच, पण उद्योगाचे दार सर्वांना सारखे उघडे असेल तरच!

हायब्रीड, ऊस आणि सातबारा

महाराष्ट्रातही शेती बदलली, आणि चांगलीच बदलली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने सुरुवातीला तो कुणी घेईना, असे सांगतात. समजूत असेलही, पण काळ्या रानात खोल नांगरट करायची तर एकाहून अधिक बैलजोड्या लागत आणि त्या कितीजणांच्या दावणीला होत्या? १८८५ चा नीरा कालवा, १९२६ चे भंडारदरा धरण, त्या पाण्यावर ऊस. १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. लहान बागायतदारांनी एकत्र येऊन केलेले ते मोठे काम होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस पाहिजे, ऊसासाठी जमीन पाहिजे. ऊस तोडणारा, कोयता घेऊन बीड-नगरच्या कोरडवाहू भागातून बिऱ्हाडासह येणारा माणूस सहकाराच्या बाहेरच राहिला. आता तोडणीयंत्रे येत आहेत. १८३० च्या मळणीयंत्राची आठवण होते.

१९६४ साली संकरित ज्वारीचे वाण आले. खेड्यात त्याला "हायब्रेट" म्हणत. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, अशी कुरकुर झाली, पण खत-पाणी असलेल्याच्या शेतात उतारा वाढला. ज्याच्याकडे खताला पैसा नाही त्याला गावरान ज्वारीच बरी. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत भूमिहीन आणि कोरडवाहू शेतकरी शेजारी शेजारी बसले होते.

जमीन सुधारणेचे कायदेही झाले. १ एप्रिल १९५७ पासून कुळे मालक झाली. हा फार मोठा बदल होता आणि कोकणातील आपल्या कित्येक घरांना त्याचा लाभ झाला. पण कूळ म्हणून कागदावर नाव असणाऱ्यालाच तो मिळणार. रोजाने राबणाऱ्या शेतमजुराचे नाव कुठल्या कागदावर असणार? इंग्लंडच्या आयुक्तांपुढे उभ्या राहिलेल्या त्या विधवेसारखीच ही अवस्था. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. देशभर लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांची मागणी फुकट धान्याची नव्हती; पडीक आणि सरकारी जमीन कसायला द्या, ही होती. पुढे गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय झाले आणि २००४ साली त्यांच्या नावाने सबळीकरण योजना निघाली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची ती योजना. विकायला जमीन मिळत नाही, मिळाली तर सरकारी दरात बसत नाही, ही तिची अडचण.

आता थोडे आपल्या घरचे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. आंबा-काजूची कलमे लावायला सरकार खर्च देऊ लागले आणि कोकणातले कातळ हिरवे झाले. आमच्या एका सभासदांनी त्या सुमारास अर्ज करायचे ठरवले आणि सातबारा काढला. अकरा गुंठ्यांवर तेवीस नावे! त्यातली निम्मी माणसे हयात नव्हती. काही नायगावात, काही बदलापुरात, एक चुलतभाऊ कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. सर्वांची संमती मिळणे शक्य नव्हते. शेजारच्या, एकाच नावावर असलेल्या बागेत आज हापूस उतरतो. यांच्या तुकड्यात करवंदीच्या जाळ्या आहेत. जमीन होती, योजना होती, कलमे होती. कागद नव्हता.

सभासदांना आमची विनंती आहे, की गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडावी लागते. नोंद फेरफारात येते आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. सातबारा आता संगणकावरही पाहता येतो. बहिणींची नावे गाळू नका, त्यांचा हक्क कायद्याने आहे. जमीन जुन्या वतनाची असेल तर ती बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोणी साध्या कागदावर सही मागत असेल तर देऊ नका. मुंबईत राहणाऱ्या वारसाला गाठून, दोन-पाच हजार हातावर ठेवून सह्या घेतल्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडले आहेत.

त्या विद्यार्थिनीला आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग त्या पिंपळे सौदागरचं पुढे काय झालं?" डॉ. मान यांनी ज्या गावाची एकेक चिंधी मोजली, ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. हिंजवडीचे संगणक उद्योग जवळ आल्यावर तिथे मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. जिथे सात एकरांत कुटुंबाचे पोट भरत नाही म्हणून १९१७ साली चिंता केली जात होती, तिथे आज गुंठ्याचा भाव विचारला जातो. ज्यांची नावे तेव्हा खातेदार म्हणून नोंदवली होती, त्यांच्या पणतवंडांशी बांधकाम व्यावसायिकांनी करार केले. त्याच शेतांत मजुरीने जाणाऱ्यांची पणतवंडे आज त्या इमारतींत कोणत्या कामाला जातात, याची पाहणी करायला कुणी विद्यार्थी तयार असेल तर त्याने आमच्या अभ्यासिकेत येऊन भेटावे. डॉ. मान यांच्या ग्रंथाची आणि बाबासाहेबांच्या निबंधाची प्रत तिथे वाचायला ठेवली आहे.